शेजारी दीडपट निघाले, पण कोणापेक्षा?

प्रश्न पुण्यातल्याच एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "मॅडम, शेजारच्या दीर्घिकेच्या ओढाताणीमुळे वायू मध्याकडे ढकलला जातो आणि तिथलं कृष्णविवर जागं होतं, म्हणजे वायू गिळताना मध्य तळपू लागतो आणि दीर्घिका सक्रिय होते, असं वाचलं होतं. तसं असेल तर सक्रिय दीर्घिकांभोवती शेजारी जास्त हवेत. मी स्लोन या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणातल्या २०० सक्रिय दीर्घिका घेतल्या, तेवढ्याच साध्या दीर्घिका घेतल्या आणि प्रत्येकीभोवती मोजलं. सक्रिय दीर्घिकांना शेजारी दीडपट निघाले. म्हणजे सिद्ध झालं ना?"

नाही झालं. तुझं मोजणं चुकलं असेल असं मी म्हणत नाही. दीडपट हा आकडा बरोबरही असेल. पण तो तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, वेगळ्याच प्रश्नाचं आहे.

साताऱ्याहून रात्री उशिरा परतताना कात्रजच्या जुन्या घाटातून खाली पुणं दिसतं. समज, रात्रीचे दोन वाजलेत आणि कुठल्या खिडक्यांत दिवा आहे तेवढंच तुला दिसतंय. सदाशिव पेठेत बरेच दिवे दिसतील, कारण तिथल्या अभ्यासिकांत पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असतात. आता तू प्रत्येक उजेडाच्या खिडकीभोवती पन्नास मीटरांत किती घरं आहेत ते मोजलंस, मग अख्ख्या जिल्ह्यातून कुठलीही २०० घरं उचलून त्यांच्याभोवती मोजलंस. उजेडवाल्यांना शेजारी जास्त निघणारच. पेठ आहे ती, भिंतीला भिंत लागलेली. त्यावरून "शेजाऱ्यानं लावला म्हणून यानंही दिवा लावला" असं म्हणता येईल का? त्यासाठी त्याच पेठेतलं, तेवढंच मोठं, पण अंधारात असलेलं घर शोधावं लागेल आणि त्याच्याशी तुलना करावी लागेल.

सक्रिय दीर्घिकांचं नेमकं हेच आहे. स्लोनच्या वर्णपटांवरून २००३ मध्ये स्पष्ट झालं की अरुंद रेषांच्या (वर्णपटात वायूच्या फक्त बारीक रेषा दिसतात अशा) सक्रिय दीर्घिका जवळपास सगळ्या जड असतात. त्यांच्या ताऱ्यांचं वस्तुमान हजार कोटी सूर्यांच्या वर असतं. आणि जड दीर्घिका मुळातच गर्दीत राहतात. त्यांना शेजारी जास्त असतात, मग मधलं कृष्णविवर जागं असो की झोपलेलं. तुझ्या २०० साध्या दीर्घिकांत हलक्याफुलक्या निळ्या सर्पिल दीर्घिका किती आहेत ते बघ. बऱ्याच असतील. म्हणजे तू जड दीर्घिकांची हलक्या दीर्घिकांशी तुलना केलीस आणि वर "सक्रिय" अशी पाटी लावलीस. वाईट वाटून घेऊ नकोस. १९८०च्या दशकात सायफर्ट दीर्घिकांना (सक्रिय दीर्घिकांचाच एक प्रकार) सोबती जास्त असतात असे निष्कर्ष आले, आणि पुढे तुलनागट सारख्या घडणीचा, सारख्या तेजाचा घेतल्यावर त्यातलं बरंचसं आधिक्य ओसरलं. मोठमोठी माणसं याच दगडाला ठेचकाळली आहेत.

आता मोजणीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळी मेख तिथेच आहे.

कल्पना सोपी आहे. खऱ्या आकाशात सक्रिय दीर्घिका आणि साधी दीर्घिका यांच्या किती जोड्या अमुक अंतरावर सापडतात ते मोजायचं. मग कंप्युटरनं विस्कटलेल्या रँडम ठिपक्यांचं खोटं आकाश करायचं आणि सक्रिय दीर्घिका-ठिपका अशा जोड्या मोजायच्या. पहिल्याला दुसऱ्यानं भागून एक वजा केला की आधिक्य मिळतं. यालाच सहसंबंध फलन म्हणतात. सक्रिय दीर्घिकांच्या आपापसातल्या जोड्या का नाही मोजत? त्या विरळ असतात म्हणून. जोड्या इतक्या कमी सापडतात की आकड्यापेक्षा त्याची त्रुटीच मोठी निघते. साध्या दीर्घिका मात्र भरपूर, त्यामुळे त्यांच्या गर्दीत सक्रिय दीर्घिका कुठे बसली आहे हे विचारणं स्वस्तात पडतं.

साध्या दीर्घिकांचा आपापसातला सहसंबंध १९६९पासून माहीत आहे. सुमारे २.३ कोटी प्रकाशवर्षांवर शेजाऱ्यांची घनता सरासरीच्या दुप्पट असते, आणि अंतराच्या १.८ व्या घातानं आधिक्य उतरत जातं. म्हणजे अंतर दहावा भाग केलं तर आधिक्य ६० पटींच्या वर जातं. जवळ गेलं की गर्दी किती झपाट्यानं वाढते ते यावरून लक्षात येईल.

खोटं आकाश करताना मात्र खऱ्या आकाशातलं प्रत्येक भोक त्यात पाडावं लागतं. तेजस्वी ताऱ्याच्या झगमगाटात मागच्या दीर्घिका दिसत नाहीत, म्हणून तेवढी जागा यादीतून कापलेली असते. कुठे ढग होते, कुठे पट्टा राहून गेला. मी नवीन होते तेव्हा ताऱ्यांभोवतीची ही भोकं खोट्या आकाशात पाडायची विसरले. ठिपके सगळीकडे सारखे पसरले, खऱ्या दीर्घिका मात्र उरलेल्याच जागेत. साहजिकच त्या दाटीवाटीनं बसल्यासारख्या दिसल्या. तीन आठवडे मी नवीन काहीतरी सापडल्याच्या तोऱ्यात होते. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं दोन्ही आकाशं ट्रान्स्परन्सीवर छापायला लावली, एकावर एक ठेवली आणि खिडकीच्या काचेला लावून धरली. एकात गोल गोल पांढरे चट्टे, दुसऱ्यात एकही नाही. त्यांनी काही न बोलता चहा मागवला. आजही कोणाचा आकडा फार चांगला आला की मी आधी दोन्ही नकाशे मागते. तुझेही मागणार आहे.

दुसरा खड्डा खास स्लोनचा. त्या सर्वेक्षणात ॲल्युमिनियमच्या प्लेटला भोकं पाडून त्यांत हातानं प्रकाश वाहून नेणारे ६४० फायबर बसवत, एक दीर्घिका एक फायबर. पण दोन फायबर ५५ विकलांपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) जवळ बसत नाहीत. ताम्रसृती, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश लाल बाजूला किती सरकलाय त्याचं माप, ०.१ असेल तर ५५ विकला म्हणजे सुमारे १०० किलोपार्सेक, सव्वातीन लाख प्रकाशवर्षं. म्हणजे धक्का देऊ शकेल असा अगदी उंबऱ्यावरचा जो शेजारी तुला हवा आहे, त्याचाच वर्णपट बऱ्याचदा घेतलेला नसतो! जिथे दोन प्लेटी एकमेकींवर आल्या तिथे काही जण परत मिळाले, बाकीच्यांसाठी हिशेबात दुरुस्ती करावी लागते. तू ती केली नसशील, कारण तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही.

तिसरी अडचण अंतराची. ताम्रसृतीवरून अंतर काढतो खरं, पण दीर्घिकेचा स्वतःचा वेगही त्यात मिसळतो. मोठ्या समूहातली दीर्घिका सहज सेकंदाला १,००० किलोमीटरनं पळत असते. तेवढ्यानं अंतरात सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षांची चूक होते, आणि समूह स्वतः असतो जेमतेम कोटीभर प्रकाशवर्षांचा. नकाशावर असे समूह आपल्याकडे रोखलेल्या लांब बोटांसारखे दिसतात. म्हणून दृष्टिरेषेच्या दिशेनं सगळ्या जोड्या एकत्र करायच्या आणि फक्त आडव्या अंतराप्रमाणे मोजायचं. क्वेसार, म्हणजे सगळ्यांत तेजस्वी सक्रिय दीर्घिका, त्यांच्या बाबतीत तर आणखी त्रास. त्यांच्या रुंद रेषा वायूच्या झोतांमुळे सरकलेल्या असतात, ताम्रसृतीच शेकडो किलोमीटर प्रति सेकंदानं चुकते.

हे सगळं नीट करून, वस्तुमान आणि ताम्रसृती जुळवलेला तुलनागट घेऊन मोजलं तर काय निघतं? २००६ मध्ये स्लोनच्या अरुंद रेषांच्या सक्रिय दीर्घिकांवर असं काम झालं, आणि माझ्या मते या विषयात तेच आधी वाचावं. ७० किलोपार्सेकांच्या आत सक्रिय दीर्घिकांना शेजारी जास्त निघाले, पण किती? शंभरांत एखादीला एक जादा. बस. आणि १०० किलोपार्सेक ते १ मेगापार्सेक (म्हणजे हजार किलोपार्सेक) या टप्प्यात उलट थोडे कमीच निघाले. त्याआधी २००४ मध्येही दिसलं होतं की ठळक रेषांच्या सक्रिय दीर्घिकांचं प्रमाण दाट वस्तीत घटतं.

हे कमी का, याचं उत्तर मला फार आवडतं. प्रत्येक दीर्घिका न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या मोठ्या गोळ्यात, प्रभामंडलात राहते. एखादी मध्यभागी असते, घरची कर्ती. बाकीच्या तिच्याभोवती फिरणाऱ्या उपदीर्घिका, दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या. बाहेरून वायू येतो तो कर्तीच्या वाट्याला. उपदीर्घिकांचा वायू समूहातल्या तप्त वायूतून पळताना ओरबाडला जातो. सक्रिय दीर्घिका बहुधा लहान घरातल्या कर्त्या असतील, तर मोठ्या घरात राहणारीला जितके शेजारी मिळतात तितके त्यांना मिळणार नाहीत. म्हणजे प्रश्न किती शेजारी आहेत हा नाहीच. तू घराच्या मध्यात आहेस की कडेला, आणि घर केवढं आहे, हा आहे.

मग धक्क्याची गोष्ट खोटी का? तसंही नाही. वेळेचा घोळ आहे. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळायला कोट्यवधी वर्षं लागतात. वायूला हजारो प्रकाशवर्षांवरून कृष्णविवराच्या तोंडाशी जायचं तर फिरण्याचा वेग गमवावा लागतो, तो सहजी जात नाही. कृष्णविवराचा दिवा लागतो तोवर शेजारी बऱ्याचदा पोटात गेलेला असतो. शिवाय दिवा सारखा लुकलुकतो. २००७ मध्ये हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी एक हिरवा ढग दिसला. तो क्वेसारच्या प्रकाशानं उजळलेला होता, पण दीर्घिकेत आता तसा क्वेसारच नाही! गेल्या लाख-दोन लाख वर्षांत तो मंदावला, आणि ढगाला त्याची बातमी अजून पोचलेली नाही. दीर्घिकेच्या आयुष्यात लाख वर्षं म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. तेव्हा "साधी" म्हणून तू घेतलेली दीर्घिका कालपरवापर्यंत सक्रिय असू शकते. दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले आहेत, म्हणून फरक पुसट दिसतो. धुळीत गुरफटलेल्या, अवरक्त किरणांत ओळखलेल्या सक्रिय दीर्घिका घेतल्या तर मात्र विलीनीकरणाच्या खुणा जास्त सापडतात. धक्क्यानंतरचा तोच तर काळ असतो.

आणखी एक. धक्का लागायला गर्दी पुरत नाही, वेग कमी लागतो. लक्ष्मी रोडवर ओळखीचा माणूस दिसला तर दोघं थांबतात, बोलणं होतं. एक्स्प्रेस वेवर शेजारून गाडी गेली तर हात करेपर्यंत ती पुढे गेलेली असते. मोठ्या समूहातल्या दीर्घिका एक्स्प्रेस वेवरच्या. विलीनीकरण होतं ते छोट्या गटांत, जिथे वेग दोन-तीनशे किलोमीटरचा असतो.

"सक्रिय दीर्घिका" हा एकच शब्द वापरलास तेही मला खटकलं. कुठल्या? रेडिओवरून ओळखलेल्या घेतल्यास तर उत्तर पार बदलतं. रेडिओत तळपणाऱ्या दीर्घिका फार जड असतात आणि समूहाच्या मध्याशी ठाण मांडून बसलेल्या सापडतात. कन्या समूहातली एम ८७ हे घरातलं उदाहरण, ५.५ कोटी प्रकाशवर्षांवर, पोटात ६५० कोटी सूर्यांचं कृष्णविवर, ज्याच्या छायेचं चित्र २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. ययाती समूहातली एनजीसी १२७५ तशीच. इथे वस्तुमान जुळवूनही फरक उरतो. समूहाच्या मध्यातली दीर्घिका तेवढ्याच जड इतर दीर्घिकांपेक्षा रेडिओत जास्त वेळा जागी सापडते. कारण तिचं खाणं वेगळं आहे. तिला शेजाऱ्याचा धक्का लागत नाही, समूहातला तप्त वायू थंड होऊन हळूहळू तिच्यावर झिरपतो. मग कृष्णविवराजवळून सुटणारे तिचे झोत तोच वायू पुन्हा तापवतात आणि स्वतःचा शिधा आवरता घेतात.

यात आपल्याकडच्या दुर्बिणीचा हात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि कमी वारंवारतेवर जुने, विझत आलेले झोत फार छान दिसतात. भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिकासमूहात अशा झोतांनी वायूत खणलेली प्रचंड पोकळी २०२० मध्ये जाहीर झाली, त्यात जीएमआरटीची निरीक्षणंही होती. वाकलेल्या झोतांवरून तर दीर्घिका समूहाच्या वायूतून कुठल्या दिशेनं पळतेय तेही कळतं. सायकलवर केस मागे उडतात ना, तसं.

क्षकिरणांवरून निवडलेल्या सक्रिय दीर्घिका मधल्या. त्यांची घरं साधारण दहा लाख कोटी सूर्यांची, म्हणजे छोट्या गटाएवढी निघतात.

क्वेसार मात्र गंमतीचे आहेत. ते सगळ्यांत तेजस्वी, म्हणून सगळ्यांत मोठ्या घरात असतील असं वाटतं. पण लाखांनी क्वेसार मोजल्यावर दिसतं की विश्वाच्या बऱ्याच मोठ्या कालखंडात ते तीनेक लाख कोटी सूर्यांच्या प्रभामंडलांतच राहतात. आपल्या आकाशगंगेच्या दोन-तीन पट, म्हणजे मध्यमवर्गीयच. यातून आणखी एक हिशेब निघतो. तेवढ्या वस्तुमानाची घरं किती आणि त्यांतले पेटलेले क्वेसार किती, याच्या गुणोत्तरावरून दिवा एकूण किती काळ जळतो ते कळतं. उत्तर येतं साधारण १ ते १० कोटी वर्षं. शेजारी मोजून आयुष्य काढायचं, आहे की नाही! अगदी सुरुवातीच्या १०० कोटी वर्षांतल्या क्वेसारांभोवती जेम्स वेब दुर्बिणीनं मोजलं, तर काहींभोवती गच्च गर्दी आणि काहींभोवती जवळपास सामसूम दिसली. एकदोन क्वेसार बघून निष्कर्ष काढणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

पुण्यात बसून क्वेसार आणि शेजारी यांच्याबद्दल लिहायचं आणि नारळीकर सरांचा उल्लेख टाळायचा, हे बरं दिसणार नाही. १९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणाऱ्या जयंत नारळीकरांनी एक अडचणीचा प्रश्न अनेक वर्षं लावून धरला होता. हाल्टन आर्प या खगोलज्ञाला जवळच्या दीर्घिकांच्या अगदी कडेला फार मोठ्या ताम्रसृतीचे क्वेसार सापडत होते. ते खरेच शेजारी असतील तर ताम्रसृती म्हणजे अंतर हे समीकरणच डळमळतं. हा प्रश्नही मुळात तुझ्यासारखाच आहे: शेजारी जास्त दिसतात, ते कोणाच्या तुलनेत?

उत्तर दोन बाजूंनी आलं. १९७८ मध्ये ॲलन स्टॉक्टन यांनी क्वेसारांभोवतीच्या अंधुक दीर्घिकांचे वर्णपट घेतले आणि त्यांतल्या कित्येकींची ताम्रसृती क्वेसारइतकीच निघाली. म्हणजे त्यांचे खरे शेजारी तिकडे दूर होते. दुसरं २००५ मध्ये. स्लोनचे सुमारे दोन लाख क्वेसार आणि १.३ कोटी दीर्घिका घेऊन मोजलं, तर दूरचे क्वेसार जवळच्या दीर्घिकांच्या आसपास खरोखर थोडे जास्त दिसतात! पण ते गुरुत्वीय भिंगामुळे. पुढची दीर्घिका मागच्या क्वेसारांचा प्रकाश वाढवते, त्यामुळे एरवी यादीत न येणारे अंधुक क्वेसार यादीत येतात. भिंगामुळे आकाशाचा तुकडा ताणलाही जातो, म्हणून अंधुक क्वेसारांत उलट तूट दिसायला हवी, आणि ती दिसली. मी आर्प यांच्या बाजूची नाही, कधीच नव्हते. पण प्रश्न चुकीचा होता असं मात्र मी म्हणणार नाही.

आता तुझ्या प्रकल्पाचं. क्वेसार सोड, ताम्रसृती ०.१ च्या आतच राहा. २०० हा आकडा फार लहान आहे, काही हजार घे, यादी फुकट मिळते. प्रत्येक सक्रिय दीर्घिकेमागे ताऱ्यांचं वस्तुमान, ताम्रसृती आणि जमलं तर रंग जुळणाऱ्या पाच साध्या दीर्घिका शोध. मध्यातल्या तेजामुळे रुंद रेषावाल्यांचं वस्तुमान फुगून येतं, त्यांना पहिल्या फेरीत घेऊच नकोस. त्रुटी काढताना जोड्यांच्या संख्येचं वर्गमूळ घेऊन मोकळा होऊ नकोस, एकच दीर्घिका शंभर जोड्यांत येते. आकाशाचे तुकडे कर, एकेक तुकडा वगळून पुन्हा मोज, उत्तर किती हलतं ते बघ.

आणि हे सगळं करण्याआधी सक्रिय दीर्घिका बाजूला ठेवून फक्त साध्या दीर्घिकांचा आपापसातला सहसंबंध काढ. दुपटीचं अंतर २.३ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आलं पाहिजे. शोधनिबंधांत ते ५ मेगापार्सेक भागिले एच असं लिहिलेलं दिसेल, एच म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर सांगणारा आकडा, तो ०.७ धर. ते आलं नाही तर तुझं खोटं आकाश बिघडलेलं आहे. आलं, तर दोन्ही नकाशे छापून घेऊन ये. ट्रान्स्परन्सी आता मिळत नाहीत, बटर पेपर चालेल.